पोटऱ्या भरून येतात, तो आळस नव्हे

काकू ५८ वर्षांच्या. मधुमेह ११ वर्षांपासून. समोर बसल्या आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले. "चालायला निघाले की पाच मिनिटांत पोटऱ्या दगडासारख्या होतात. माझ्याहून मोठ्या बायका पुढे निघून जातात. घरचे म्हणतात, आळस भरलाय. खरंच आळस आहे का? की चालून मी पायांचं नुकसानच करून घेतेय?"

हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो, आणि 'आळस' हा शब्द दर वेळी तितकाच लागतो.

मी आधी विचारलं, दुखणं एका पायात की दोन्ही? थांबल्यावर जातं का? त्या म्हणाल्या, दोन्ही पायांत. आणि न थांबता हळूहळू चालत राहिलं तर पंधरा मिनिटांनी पाय आपोआप मोकळे होतात. तरी डॉक्टरांकडून पायांच्या रक्तप्रवाहाची तपासणी करून घ्यायला सांगितलं. घोट्याजवळचा रक्तदाब हाताच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. पण मधुमेहात धमन्यांच्या भिंती कडक झालेल्या असल्या तर तो आकडा फसवा निघतो, म्हणून पायाच्या अंगठ्यातला रक्तदाबही बघावा लागतो. काकूंचे दोन्ही आकडे ठीक आले.

मग त्यांना समजावलं. स्नायू कामाला लागला की त्याला एकदम खूप जास्त रक्त लागतं. त्यासाठी रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिन्या रुंदावतात. अनेक वर्षांच्या वाढलेल्या साखरेने हे अस्तर मंदावतं. स्नायूतल्या केशवाहिन्यांचं जाळंही विरळ होऊ शकतं. त्यामुळे सुरुवातीच्या काही मिनिटांत मागणी पुढे आणि पुरवठा मागे राहतो, आणि पाय जड होतात. टाइप २ मधुमेहात इतर काही गुंतागुंत नसली तरी व्यायामाची कमाल क्षमता साधारण एक पंचमांशाने कमी आढळते. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मनाचा दोष नाही."

नाहीच. आणि चालण्याने नुकसानही नाही, उलट नियमित व्यायामाने हेच अस्तर सुधारतं. शिवाय स्नायू आकुंचन पावताना इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातली साखर आत ओढून घेतो.

ठरवलं ते साधंच: पहिली दहा मिनिटं रमतगमत, गप्पा मारता येतील अशा चालीने, मग वेग. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठणं-बसणं. आणि रोज रात्री तळपाय पाहणं, कारण मधुमेहाने पाय बधिर झाला असेल तर त्याला जखम कळत नाही.

एक मात्र वेगळं ओळखायला हवं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखते आणि उभं राहिलं की काही मिनिटांत थांबते, असं असेल तर मोठी धमनी अरुंद झाल्याची शक्यता धरून तपासणी करायलाच हवी. त्यातही चालणं हा उपचारच असतो: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मात्र रात्री झोपेत पाय दुखणं, न भरणारी जखम, बोटांचा रंग बदलणं किंवा चालताना छातीत दाटणं यांत एक दिवसही दवडू नये.

सातव्या आठवड्यात काकू पुन्हा आल्या. वेग फारसा वाढलेला नव्हता. पण घरच्यांना त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, "पहिली दहा मिनिटं मला माझ्या चालीनं जाऊ द्या. पायांत रक्त पोचायचंय अजून."