शेडनेटच्या वायररोपला फेरूल दाबायला कोणतं टूल घ्यावं? लग दाबायचं टूल चालेल का?

तुमच्याकडे ४ मिमीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) वायररोप आहे, भावाकडे वायरिंगचे लग दाबायचं टूल आहे, आणि उरलेल्या रोपवर पडवीत झोपाळा टांगायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी रेलिंग आणि शेडनेटची ताणाची कामं करतो. झोपाळ्याचं शेवटी बोलू.

लगचं टूल नको. लग दाबताना तांब्याची नळी मऊ तांब्याच्या तारांवर बसते, आणि वीज नीट वाहिली की तिचं काम झालं. फेरूल म्हणजे दोराचा लूप पक्का करणारी धातूची छोटी नळी, आणि तिच्यात मात्र पोलादी दोराचे दोन पदर असतात. फेरूलचा धातू दाबाखाली सरकून तारांच्या सगळ्या खाचांत शिरला, तरच तो दोर धरून ठेवतो. लगच्या टूलचा षटकोनी साचा त्या मापाचा नसतो. फेरूल चेपलेला दिसतो, हाताने ओढून सुटतही नाही, आणि पहिल्या वादळात दोर त्यातून सरकतो. भावाचं टूल हायड्रॉलिक असेल आणि त्याच कंपनीच्या वायररोपच्या डाय (दाबायचे साचे) मिळत असतील, तर गोष्ट वेगळी. हातोडी किंवा व्हाइसने चेपायचा तर विचारही करू नका.

दुकानात ‘वायररोपचं स्वेजिंग टूल’ किंवा ‘फेरूल क्रिम्पिंग टूल’ म्हणून मागा. मुंबईला जाणं होत असेल तर नागदेवी स्ट्रीटला चौकशी करा. दिसायला ते बोल्ट कटरसारखंच असतं, फक्त जबड्यात पात्यांऐवजी अर्धगोल खाचा असतात. फूटभर लांबीचं टूल बारीक दोरांपुरतं. ४ मिमीसाठी दोन फुटी दांड्यांचंच घ्या, नाहीतर जबडा पूर्ण मिटवायला दांड्यांवर अंग टाकून रेलावं लागतं आणि शेवटचे फेरूल अर्धवट दाबले जातात. बरीच टूलं इंची मापाची येतात. तुमचं माप ५/३२ इंच, म्हणजे ३.९७ मिमी. जबड्यावर १/८ आणि ३/१६ च्या खाचा असतील पण ५/३२ ची नसेल, तर ते टूल कितीही स्वस्त असो, तुमच्या कामाचं नाही. फेरूल आणि टूल एकाच दुकानातून, एकमेकांत बसवून बघून घ्यावेत. दहाबाराच टोकं असतील, तर नटबोल्टने आवळायचा दोन तुकड्यांचा खाचांचा ठोकळाही मिळतो. वेळ खातो, पण काम चोख करतो.

फेरूल कशाचा घ्यायचा हे दोरावर ठरतं. जीआय दोराला अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. तांब्याचा लावलात तर ओलाव्यात दोरावरचं जस्त आधी खाल्लं जातं. स्टेनलेसच्या दोराला उलट तांब्याचा, शक्यतो मुलामा दिलेला. कोकणात खाऱ्या वाऱ्यात स्टेनलेसवर अ‍ॅल्युमिनियमचे फेरूल लावलेली रेलिंगं मी पाहिली आहेत. दोर चकचकीत असतो आणि फेरूलची पांढरी भुकटी होत असते. दोरावर पीव्हीसीचं आवरण असेल तर फेरूलखालच्या भागातलं ते आधी सोलून काढायचं, आणि माप आतल्या पोलादाचं धरायचं.

आता दाबणं. बहुतेकांचं इथेच चुकतं. दोर कापायच्या आधी त्यावर चिकटपट्टी गुंडाळा आणि वायररोपच्या कटरने कापा. साध्या बोल्ट कटरने टोक चपटं होतं आणि मग फेरूलमध्ये जात नाही. ग्राइंडरची पातळ चकतीही चालते. टोक फेरूलमधून काढून थिंबलभोवती (लूपच्या आत बसणारी पन्हळीची धातूची कडी) वळवा आणि परत फेरूलमध्ये घाला. थिंबल वगळू नका, ते नसेल तर दोर हुकावर घासून तिथेच तुटतो. फेरूल थिंबलच्या जवळ आणा, पण अगदी चिकटवू नका, कारण दाबला की तो लांबीला वाढतो. मोकळं टोक दोराच्या जाडीइतकं तरी बाहेर राहू द्या. ते दिसत नसेल तर आत किती दोर आहे हे कोणालाच कळणार नाही.

लंबगोल फेरूल जबड्यात उभा धरायचा. दाब त्याच्या लांबट बाजूवर आला पाहिजे, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांवर दाबले जातात आणि फेरूल जवळपास गोल होतो. आडवा धरला की तो नुसता पसरतो. किती ठिकाणी दाबायचा ते फेरूल बनवणारा सांगतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, १/८ इंची दोराच्या तांब्याच्या फेरूलला साधारण तीन दाब लागतात: आधी मधला, मग थिंबलकडचा, शेवटी मोकळ्या टोकाकडचा. प्रत्येक वेळी जबडे पूर्ण मिटले पाहिजेत. दोन्ही बाजूंना धातूचे पातळ पंख बाहेर आले, तर खाच किंवा फेरूल चुकलाय.

आणि मोजा. टूलसोबत खाचा पाडलेली एक पत्र्याची पट्टी येते. लोक ती खोक्यातच टाकून देतात. दाबलेला फेरूल त्या पट्टीच्या आपल्या मापाच्या खाचेत गेला पाहिजे. गेला नाही तर दाब कमी पडलाय. मग जबड्याजवळचे अ‍ॅडजस्टमेंटचे बोल्ट थोडे आवळायचे आणि दोराच्या एका तुकड्यावर पुन्हा बघायचं. अमेरिकेत विमानांच्या कंट्रोल केबलच्या दुरुस्तीसाठी तिथल्या सरकारी विमान वाहतूक खात्याची, म्हणजे एफएएची, मार्गदर्शिका आहे, तीसुद्धा अशीच गेजने तपासणी करायला सांगते. टूल वापरून जबडे सैल पडत जातात, म्हणून कामाच्या सुरुवातीला आणि मधूनमधून पट्टी लावून बघायची. डोळ्यांना चांगला आणि वाईट फेरूल सारखाच दिसतो.

खरं सांगू का, शेडनेटला दोन्ही टोकं क्रिम्प करूच नका. नवा दोर सुरुवातीला ताणला जातो, आणि पावसाळ्यानंतर तुम्हाला तो पुन्हा आवळावाच लागेल. एका टोकाला फेरूल लावा, दुसरीकडे टर्नबकल (फिरवून ताण कमीजास्त करायचा स्क्रू) आणि तीन बुलडॉग क्लॅम्प (खोगीर आणि यू-बोल्ट यांच्यात दोर आवळणारे). क्लॅम्पचं खोगीर भार घेणाऱ्या दोरावर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर, तिन्ही एकाच दिशेने. या जोडाची ताकद दोराच्या साधारण ८० टक्के धरतात. ताण दिल्यावर क्लॅम्पचे नट पुन्हा आवळायचे. म्हणजे तुमची टूलची गरजही निम्म्यावर आली. गावातल्या फॅब्रिकेटरकडे टूल असेल तर लूप त्याच्याकडूनच दाबून घ्या, विकत घेऊ नका.

राहिला झोपाळा. तो या दोरावर, हाताने दाबलेल्या फेरूलवर टांगू नका. माणसाचा भार आला की झोक्याचा धक्का, हुकापाशी दोराचं सतत वाकणं आणि चुकीला जागा नसणं, हे सगळं एकदम येतं. मालाचं वजन उचलायलाही तो वापरायचा नाही. कारखान्यात वजन उचलायचे दोर सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तरी तपासून घेणं १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम २९ ने बंधनकारक केलं होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), घरी तसं तपासणारं कोणी नसतं. झोपाळ्याला कड्यांची चांगली साखळी घ्या, किंवा प्रेसवर दाबून, भार लावून तपासलेली तयार स्लिंग (टोकांना लूप असलेला दोर) चाचणीच्या सर्टिफिकेटसह मागवा. आणि विकत घ्यायच्या आधी पडवीचा वासा तो झोका पेलेल का, हे सुताराला दाखवा.