लिटर लिहिलं नाही, तर एक धरा

प्रश्न : वडिलांचा दुधाचा रतीब आहे, साठेक घरं. वहीतला हिशेब मी पायथनमध्ये आणतोय. ग्राहकासाठी टाइप्डडिक्ट केली : नाव, लिटर, खाडे. बहुतेकांकडे एकच लिटर जातं, म्हणून क्लासमध्येच 'लिटर: फ्लोट = 1.0' लिहिलं. प्रोग्राम मुकाट चालला, पण पहिल्याच बिलाला की-एरर, म्हणजे 'लिटर' ही की (नोंदीचं नाव) सापडतच नाही! चुकलं कुठे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : मुकाट चालला, तिथेच फसलात. टाइप्डडिक्ट (पायथन 3.8, 2019) म्हणजे डिक्शनरीत कोणत्या की असाव्यात, याचं नुसतं वर्णन. चालताना हातात साधी डिक्शनरीच (की आणि किंमत यांच्या जोड्या) येते. तुमचं 1.0 क्लासला चिकटून राहिलं, डिक्शनरीत उतरलंच नाही. मायपाय (कोड न चालवता टाइप तपासणारं साधन) चालवलं असतंत, तर त्याने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं असतं.

3.11 मध्ये आलेलं नॉटरिक्वायर्डही इथे कामाचं नाही. 'ही की नसली तरी चालेल' एवढंच ते सांगतं. नसेल तेव्हा किती धरायचं, ते नाही. जागोजागी गेट('लिटर', 1.0), म्हणजे 'नसेल तर 1.0 धर', असं लिहाल, तर बिलात आठवेल आणि महिनाअखेरच्या बेरजेत विसराल. आणि 'ऑर 1.0' तर नकोच, कारण 'ऑर' शून्यालाही 'काही नाही' समजतं. गावाला गेलेल्या काकूंच्या शून्य लिटरचं एक होईल, आणि दारात बोलणी वडील खातील.

एक फंक्शन करा : नवा_ग्राहक(नाव, लिटर=1.0). आत पूर्ण डिक्शनरी बनवून परत द्या, 'खाडे'ची रिकामी यादीसुद्धा तिथेच, आत.

'आत' यावर माझा जोर का, तर बहिणीच्या डब्यांच्या हिशेबात मी आधी एक नमुना डिक्शनरी ठेवली होती. नवं गिऱ्हाईक आलं की 'नमुना | माहिती', म्हणजे दोन डिक्शनऱ्या जोडून एक. दोन्हीकडे तीच की असेल तर उजवीकडची किंमत टिकते, झकास चाललं होतं. एका काकांनी गुरुवारचा डबा नको म्हणून कळवलं, मी खाड्यात तारीख टाकली. गुरुवारी सकाळी बहिणीचा फोन : "आज सगळ्यांनाच उपास आहे का गं?" नमुन्यातली खाड्यांची यादी एकच होती, आणि सगळी गिऱ्हाइकं तिच्याकडेच बोट दाखवत होती. कणीक तर भिजवून झालेली.

हिशेब जेसन फाइलीत (डिक्शनरीसारखीच साधी मजकुराची फाइल) ठेवणार असाल, तर टाइप्डडिक्ट आणि हे फंक्शन पुरे. नाहीतर सरळ डेटाक्लास (माहिती ठेवण्यासाठीचा तयार क्लास) घ्या. तिथे 'लिटर: फ्लोट = 1.0' खरंच चालतं. खाड्यांपुढे मात्र नुसती रिकामी यादी लिहिलीत, तर ती क्लास बनतानाच एरर देते. तिथे डिफॉल्ट-फॅक्टरी म्हणून लिस्ट द्यायची, म्हणजे प्रत्येकाला नवी रिकामी यादी मिळते.