धाब्याचं जुनं घर घेताय? विसार देण्याआधी तपासणी करून घ्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पारोळा तालुक्यात गावठाणातलं धाब्याचं, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छप्पर असलेलं घर, मालकाच्या सांगण्यावरून ८० वर्षांचं, पाच खणांचं, मागे २० वर्षांपूर्वी वाढवलेलं स्वयंपाकघर, किंमत ९ लाख. गावातल्या मिस्तरीने अर्ध्या तासात "घर मजबूत आहे" म्हणून सांगितलं. धुळ्याचे इंजिनिअर सविस्तर तपासणी आणि लेखी अहवालाचे १२ हजार मागतात. ते द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

द्या. आणि विसार पावती करण्याआधी द्या. विसार दिल्यावर दोष निघाला तर बोलायला जागा उरत नाही, मालक म्हणतो तुम्ही घर बघूनच सौदा केला.

मी २०१३ साली अमळनेर तालुक्यात असंच घर घेतलं. वडिलांना गावात परतायचं होतं, घर ओळखीतल्या माणसाचं होतं, मिस्तरीने भिंतींवर थापा मारून पाहिल्या आणि होकार दिला. आम्ही दिवाळीनंतर राहायला गेलो. पुढच्या जुलैत तीन दिवसांची झड लागली आणि तिसऱ्या रात्री मधल्या खोलीतली तुळई (छताचं वजन पेलणारं जाड आडवं लाकूड) एका टोकाला चार बोटं खाली आली. वरून टोपलीभर माती पलंगावर पडली. आई त्या रात्री ओसरीत झोपली होती, म्हणून मी हे आज शांतपणे लिहू शकतो.

दुसऱ्या दिवशी एक वयस्कर सुतार आले. त्यांनी शिडी लावली, तुळई जिथे भिंतीत शिरते तिथला वीतभर गिलावा काढला आणि साधा पेचकस लाकडाला टेकवून दाबला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला चहाच्या चोथ्यासारखा काळपट, ओला भुगा होता. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, वरतून चांगलं दिखस, मझार पोकय शे." म्हणजे वरून चांगलं दिसतं, आत पोकळ आहे. बाकीची तुळई ठणठणीत सागवान होती, ठोकली तर घंटेसारखी वाजत होती. कुजलं होतं ते फक्त भिंतीतलं फूटभर टोक. बाहेर जाऊन पाहिलं, तर त्या टोकाच्या बरोबर वर धाब्याची पन्हाळ, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर टाकणारी नळी होती. ती फुटलेली होती आणि कित्येक पावसाळे पाणी भिंतीतच मुरत होतं. विकण्याआधी लाकडाला तपकिरी ऑइल पेंट मारलेला असल्याने खालून काहीच कळलं नव्हतं.

तेव्हापासून नातेवाइकांसाठी आणि मित्रांसाठी अशी सात-आठ घरं इंजिनिअर आणि सुतार सोबत घेऊन पाहिली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. घर मजबूत आहे की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं ते असं: वरचं वजन कुठून कुठे उतरतं आणि पाणी कुठून येऊन कुठे जातं. मिस्तरी भिंती बघतो, कारण त्याचं काम भिंतींचं. पण आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरात वजन बहुतेक लाकडी सांगाड्यावर असतं. माती किलचणीवर (लाकडाच्या लहान पट्ट्यांच्या थरावर), किलचण कड्यांवर (तुळईवर आडव्या टाकलेल्या बारीक लाकडांवर), कड्या तुळईवर, तुळई खांबावर आणि खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बसक्या दगडावर. भिंत बऱ्याच ठिकाणी नुसता आडोसा असते. अशा घरात भिंत बरी दिसली म्हणून घर बरं ठरत नाही. खोली मोठी करायला कुणी मधला खांब काढला असेल, तर ते वजन कुठे गेलं हे शोधावंच लागतं.

धाब्याच्या वजनाचा अंदाज तुम्हीच घ्या. माती अर्धा फूट जाड धरली, तर एका चौरस फुटावर साधारण २२ किलो बसते. १० बाय १२ फुटांच्या खोलीवर अडीच टनांच्या वर. दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याआधी धाब्यावर नवी खारी किंवा पांढरी माती टाकायची पद्धत आहे, जुनी मात्र कुणी फारशी उतरवत नाही. थरावर थर चढून मी दीड फूट जाडीचं धाबं पाहिलंय. म्हणजे त्याच खोलीवर आठ टन, आणि झडीत माती भिजली की त्याहून जास्त. उजेडासाठी धाब्याला जो झरोका ठेवलेला असतो त्याच्या कडेला फूटपट्टी लावली की जाडी लगेच मोजता येते. हे तुम्ही स्वतः पुढच्या भेटीत करा. सोबत सुतळी न्या. तुळईच्या खालच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरली की तुळईला पोट आलंय का ते दिसतं.

लाकडाबद्दल एक बारकावा. सागाचा गाभा उधई, म्हणजे पुण्याकडची वाळवी, सहसा खात नाही. बाहेरचा पांढरा भाग खाते. म्हणून वरून पोखरलेली तुळईही आतून चांगली निघू शकते, घाबरून सौदा मोडू नका. उलट कड्या पुष्कळदा कडुनिंबाच्या नाहीतर बाभळीच्या असतात, सगळं सागवान आहे असं मालक म्हणाला तरी प्रत्येक कडी वेगळी पाहायची. आणि प्रत्येक टोक, विशेषतः बाहेरच्या भिंतीतलं. खांबाचा पाय तर नक्की पाहायचा. पूर्वी खांब तळखड्यावर उघडा उभा असायचा, वारा लागायचा, कोरडा राहायचा. नंतर लोकांनी जमीन उचलून फरशी बसवली आणि खांबाचे खालचे पाच-सहा इंच काँक्रीटमध्ये गाडले गेले. तिथे ओल धरते आणि लाकूड गुपचूप कुजतं.

ओलीचं दुसरं कारण गल्लीत सापडेल. गावोगावी गल्ल्यांचं काँक्रीटीकरण झालं, जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकला गेला. पूर्वी ज्या ओट्यावर चढायला तीन पायऱ्या होत्या तिथे आता एकच उरलीय. तुमच्या घराची पायरी मोजा आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा की आधी किती होत्या. गल्ली जोत्याच्या बरोबरीला आली असेल तर पावसाचं पाणी भिंतीच्या पायात जाणारच. वर मातीच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असेल, तर ती ओल बाहेर पडू शकत नाही, वर चढत जाते. कंबरेच्या उंचीपर्यंत लोणा लागलेला दिसतो, रंगाचे पोपडे सुटतात. नुकताच चुना मारलेला असेल तर तिथे हात फिरवून पाहा, गार लागतं.

आता तुमच्या मागच्या स्वयंपाकघराचं. तुम्ही लिहिलंय की जुनं घर आणि नवं बांधकाम जिथे जुळतं तिथे उभी भेग आहे, वर रुंद आणि खाली बारीक, आणि मिस्तरी म्हणतो लांबी (पुट्टी) भरली की झालं. भरू नका. वर रुंद भेग बऱ्याचदा असं सांगते की नवा भाग जुन्यापासून बाहेर कलतोय. जुनं घर गावठाणाच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या वर्षानुवर्षं दबलेल्या जागेवर बसलंय. मागचा भाग काळ्या मातीत असेल तर ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ पर्यंत गेला की शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तुम्ही लहानपणी पाहिल्या असतीलच. तेच त्या उथळ पायाखाली दरवर्षी घडतं.

इंजिनिअरना मातीची फुगण्याची चाचणी करायला सांगा. वाळवून चाळलेली माती १०-१० ग्रॅम दोन काचेच्या मापनळ्यांत घेतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे पाण्यातली किती वाढली ते लगेच दिसतं. फरक ५० टक्क्यांच्या पुढे गेला तर पायाचा विचार वेगळा करावा लागतो. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरने चिकटवून शेजारी पेन्सिलने तारीख लिहायची, हा जुना उपाय आजही चालतो. पट्टी तुटली की समजायचं, हालचाल सुरू आहे. सौद्याची घाई नसेल तर एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये घर पाहा. उन्हाळ्यात सहज लागणारं दार पावसाळ्यात अडकतं का, एवढ्यावरूनही पुष्कळ कळतं.

पेवाचं कुणी सांगितलं नसेल. जुन्या घरांत धान्य साठवायला जमिनीत पेव असायचं. वापर बंद झाल्यावर कुणी नीट भरलं, कुणी वरून फळ्या टाकून सारवलं, पुढे त्यावर फरशी आली. सगळ्या खोल्यांत पहारीचं बोथट टोक आपटत फिरा. जिथे ढब ढब आवाज येईल तिथे खूण करा. माझ्या मेहुण्यासाठी पाहिलेल्या घरात देवघराच्या बाजूला पेव निघालं आणि त्याच्या काठापासून हातभर अंतरावर खांब होता. ते घर आम्ही सोडलं.

इंजिनिअर निवडताना एक विचारा: लाकूड-मातीची घरं तपासलीत का? काही जणांचा सगळा अनुभव काँक्रीटच्या इमारतींचा असतो. ते रिबाउंड हॅमर घेऊन येतात. ते यंत्र काँक्रीटसाठी आहे, मातीच्या भिंतीला आणि सागाच्या तुळईला त्याचा उपयोग नाही. अनुभव नसेल तर दुसरा शोधा. जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा धुळे-शिरपूरच्या महाविद्यालयांत स्थापत्य विभागाला विचारलं तर योग्य माणसाचा पत्ता लागू शकतो. आणि सोबत एक जुना सुतार नक्की न्या, त्याची दिवसाची मजुरी वेगळी द्या. इंजिनिअरला वजनाचा हिशेब कळतो, सुताराला लाकूड कळतं.

अहवाल लेखी घ्या. "घर राहण्यायोग्य आहे" अशा एका ओळीच्या दाखल्यासाठी १२ हजार देऊ नका. घराचा हाताने काढलेला का होईना पण नकाशा, त्यावर प्रत्येक भेगेची जागा आणि रुंदी, प्रत्येक तुळईचं माप आणि टोकांची स्थिती, धाब्याची जाडी, ओल कुठवर आहे, फोटो, आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च. लगेच करायचं काय आणि दोन वर्षं थांबलं तरी चालेल असं काय, हे वेगळं लिहून मागा. हाच कागद भाव करताना मालकासमोर ठेवता येतो.

तुम्ही लिहिलंय की घर घेतल्यावर धाबं काढून स्लॅब टाकायचा विचार आहे. हे इंजिनिअरना पहिल्याच फोनवर सांगा, कारण तपासणीची दिशाच त्याने बदलते. लाकडी सांगाडा काढून स्लॅब जुन्या मातीच्या भिंतींवर टेकवला, तर ज्या भिंतीने आजवर वजन घेतलं नाही तिच्यावर ते सगळं येतं. असं करायचं तर नवे कॉलम आणि त्यांना स्वतंत्र पाया हवाच. नाहीतर धाब्यावरची जादा माती उतरवून, खराब लाकडं बदलून घर तसंच ठेवा. उन्हाळ्यात त्या धाब्याखाली जो गारवा असतो तो स्लॅबखाली मिळणार नाही.

घराची एखादी भिंत दगडाची असेल तर आणखी सावध राहा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जी घरं कोसळली त्यांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर जड माळवद (आपल्या धाब्यासारखंच मातीचं छप्पर), अशी पुष्कळ होती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, दोन्ही थर फाकले आणि वरचं ओझं खाली आलं. आपल्या सातपुड्यातही मार्च १९३८ मध्ये मोठा भूकंप झालेला आहे. आरपार जाणारे दगड ठराविक अंतरावर आहेत का आणि भिंतीला मध्ये फुगवटा आलाय का, हे ओळंबा लावून बघायला सांगा.

पुराचंही विचारून घ्या, तुमचं घर नदीपासून किती लांब ते तुम्ही लिहिलेलं नाही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरीचं पाणी शहरात शिरलं होतं. भिंतीवरची पुराची रेघ रंगाने झाकता येते, गावाच्या आठवणीतून जात नाही.

कागदांचं थोडक्यात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. गावाची स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मागा आणि त्यावरचं क्षेत्र जागेवर मोजून पाहा. शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल तर तसं खरेदीखतात लिहून घ्या. शेजाऱ्याने उद्या आपलं घर पाडलं तर त्याच भिंतीत टेकलेल्या तुमच्या तुळया उघड्या पडतील, म्हणून इंजिनिअरना त्या बाजूची टोकंही पाहायला लावा.

शेवटचा प्रश्न होता, मालक गिलावा काढू देईल का. सरळ सांगा की चार ठिकाणी वीतभर गिलावा काढू, दोन ठिकाणी फरशी उचलू, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या खर्चाने मिस्तरीकडून पूर्ववत करून देऊ. मी पाहिलेल्या घरांपैकी एकाच मालकाने नकार दिला, आणि आम्ही तिथून पुढे बोलणी केली नाहीत. तपासणीच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा, शिडीवर चढा आणि पेचकस तुमच्या हाताने लावून बघा. अहवाल आला की तुळयांची मापं आणि त्या भेगेचा फोटो इथे टाका, मी पाहून सांगतो.