खोल बेस आवडतो? मग महागडे इअरफोन असे ऐकून बघ

सगळ्यात आधी टिप्स, म्हणजे इअरफोनची कानात जाणारी रबरी किंवा फोमची टोकं. सील, म्हणजे टिप कानात फट न राहता घट्ट बसणं, नीट झालं नाही तर कितीही भारी इअरफोन असू दे, बेस पातळच लागणार, आणि नवीन लोक नेमके इथेच फसतात, बॉक्समधली मधली साइज लावतात, दोन मिनिटं ऐकतात आणि बेस नाही म्हणून परत करतात. छोट्या-मोठ्या सगळ्या साइज लावून बघ, फोमच्या पण, आणि दोन्ही कानांना वेगवेगळी साइज लागू शकते बरं का.

मग हे ऐक:
- खोल बेस म्हणजे साधारण 20 ते 60 हर्ट्झ, त्याच्या वरचा तो धपधप करणारा. टोन जनरेटर (हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं अॅप) लाव, आवाज कमी ठेव आणि 30 हर्ट्झला नुसती धूसर गुणगुण येते की खरंच दाब जाणवतो ते बघ.
- बेस जोरात असताना गायकाचा आवाज दबतोय का? दबत असेल तर सोड, भले किंमत कितीही असो.

दोन जोड्या तोलताना व्हॉल्यूम सारखा कर, कारण जो मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. गाणी स्वतःची, रोजच्या ऐकण्यातली घे. केबल, अॅम्प (अॅम्प्लिफायर) वगैरे सध्या डोक्यातच घेऊ नकोस.