घर हलवताना पॅकर्स-मूव्हर्स लावावेत की टेम्पो करून स्वतःच सामान न्यावं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: ठाण्यात नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, लिफ्ट नाही. मे महिन्यात पुण्यात वाकडला नवव्या मजल्यावर जायचंय. एका पॅकर्सवाल्याने घरी येऊन २८ हजार सांगितले, दुसऱ्याने फोनवरच ११. सासरे म्हणतात, कशाला पैसे घालवता, टेम्पो सांगू, चार पोरं बोलावू, एका दिवसात आटपेल. मिस्टर म्हणतात पैसे गेले तर जाऊ देत, डोक्याला ताप नको.

मी काही वर्षं एका पॅकर्स कंपनीत सर्व्हेला होतो. म्हणजे घरोघरी जाऊन सामान बघायचं आणि कोटेशन द्यायचं. आता त्या धंद्याशी माझा संबंध नाही, त्यामुळे कोणाचीच बाजू घ्यायचं कारण नाही. माझं मत विचाराल तर उचलायला आणि न्यायला माणसं लावा, बांधाबांध मात्र निम्मी तुम्हीच करा. आणि ११ हजारवाल्याचा फोन पुन्हा उचलू नका.

लोकांना वाटतं भाडं किलोमीटरवर ठरतं. ठाण्याहून वाकड म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर, सकाळी निघालेली गाडी दुपारपर्यंत पोचते. पैसे जातात ते दोन्ही टोकांना. कोणाच्या घरी सर्व्हेला गेलो की दारात चपला काढायच्या आधीच आमचा जिना बघून झालेला असायचा. रुंदी किती, वळणावर कठड्याला कपाट अडेल का, गाडी दारात लागेल की गल्लीच्या तोंडाशी. नौपाड्यातल्या एखाद्या गल्लीत सकाळी अकराला चौदा फुटी आयशर उभी करायची म्हणजे काय, हे तुम्ही रोज बघताच. गाडी कोपऱ्यावर लागली की प्रत्येक खोकं तीन मजले खाली येणार आणि शिवाय पन्नास-शंभर पावलं चालणार. २८ हजारांतला मोठा भाग या जिन्याचा आहे. उद्या तुम्ही पुण्याऐवजी डोंबिवलीला गेलात तरी तो काही सुटणार नाही.

दुसरी गोष्ट माळा. सर्व्हेवाला आला की घरचे लोक हॉल दाखवतात, बेडरूम दाखवतात, स्वयंपाकघर दाखवतात आणि चहा टाकतात. माळ्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मग नेमक्या त्या दिवशी तिथून गणपतीचं मखर उतरतं, पितळेचे डबे उतरतात, कूलर, पोरांची जुनी सायकल, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेलं टीव्हीचं खोकं आणि एक पत्र्याची ट्रंक, जिच्यात काय आहे हे घरात कोणालाच सांगता येत नाही. दिवाणाच्या पोटातलं सामान वेगळंच. सुपरवायझर म्हणतो, हे यादीत नव्हतं. निम्मी भांडणं इथून सुरू होतात, आणि खरं सांगायचं तर त्यात दर वेळी सुपरवायझरच खोटा असतो असं नाही. म्हणून २८ हजारवाल्याला पुन्हा बोलवा आणि शिडी लावून माळा दाखवा. त्याहून चांगलं म्हणजे त्याआधी निम्मा माळा रद्दीवाल्याला आणि भंगारवाल्याला दाखवा.

आता ते ११ हजार. घर न बघता जो आकडा सांगतो, त्याला तो आकडा पाळायचाच नसतो. मेमध्ये नुसती मोठी गाडी, डिझेल, टोल, ड्रायव्हर आणि दोन्हीकडची माणसं यांतच एवढे पैसे संपतात. मग तो कमावणार कशात? सामान गाडीत चढल्यावर. शेवटचं खोकं आत गेलं, फाळका बंद झाला की फोन येतो: सामान जास्त निघालंय, मजल्याचे वेगळे, पॅकिंगचे वेगळे, जीएसटी वेगळा. तुमचा संसार त्याच्या गाडीत, घराची चावी मालकाला दिलेली, पोरं रिक्षात बसलेली. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही, पैसे देतो. नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून दुकान थाटणारे तर ढिगाने आहेत. कोटेशनवरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा, नाव आणि पत्ता जुळतो का ते कळतं. गोडाऊन कुठे आहे विचारा आणि जमलं तर जाऊन या.

कोणी ई-वे बिलाचे (म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याचे) किंवा जकातीचे म्हणून पैसे लावत असेल तर सरळ काट मारा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, आणि २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मुंबईतूनसुद्धा जकात गेली.

सासऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तुम्ही ठाण्यातल्या ठाण्यात, नौपाड्यातून कोपरीला जात असता, वन आरके असतं, दोन्हीकडे लिफ्ट असती, तर मीही तेच म्हटलं असतं. छोटा हत्ती सांगा, नाक्यावरून दोन हमाल घ्या, दोन खेपा मारा, संध्याकाळी नव्या घरात दूध उतू घाला. पण छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फुटांचा आणि भार पाऊण टनाच्या आसपास. टू बीएचके त्यात एका खेपेत मावत नाही आणि पुण्याला दुसरी खेप परवडत नाही. म्हणजे मोठी गाडी आली. मोठी गाडी भरणं हे वेगळंच कसब आहे. जड सामान केबिनच्या बाजूला, फ्रिज उभा, गाद्या कडेला, मधल्या फटीत उशा आणि कपड्यांची गाठोडी, वर हलकं, आणि दर तीन-चार फुटांवर दोर. घाटात ब्रेक लागले की सैल भरलेलं सगळं पुढे सरकतं. शिवाय मेच्या शेवटी वळवाचा पाऊस असतो, उघड्या गाडीवर ताडपत्री नसेल तर गादीचं काय होईल ते सांगायला नको.

आणि ती चार पोरं. तुमच्याकडे गोदरेजचं जुनं लोखंडी कपाट असेलच, आरसावालं. ते जिन्यावरून उतरवताना हमाल काय करतात ते एकदा नीट बघा. आधी आतलं सगळं रिकामं, लॉकरसुद्धा. दारं मिटून वरून दोर आवळतात, आरशावर गादी नाहीतर रजई बांधतात. मग एक जण पाठमोरा वाकतो, रुंद पट्टा कपाटाखालून घेऊन खांद्यावर ओढतो आणि कपाट आडवं पाठीवर घेतो. दुसरा वरच्या अंगाला, फक्त तोल सांभाळायला. वळणावर आले की पाठीवरचा माणूस थांबतो, कपाट एका पायावर टेकवतो, उभं करतो, फिरवतो, पुन्हा पाठीवर. या सगळ्यात कोणी बोलत नाही. 'थांब', 'घे', 'सोड', एवढेच शब्द. तुमच्या मिस्टरांचे ऑफिसातले मित्र हे करायला गेले की चौघं चार बाजूंनी उचलतात, वळणावर चौघंही एकदम सूचना देतात आणि खालच्याची बोटं कठड्यात सापडतात. वर त्यांचा नाश्ता, जेवण आणि पुढच्या वेळी त्यांचं घर हलवायला जाणं आलंच.

म्हणून वजनाचं काम पॅकर्सवाल्यांना द्या. बांधण्याचं काय ते नीट ठरवा, कारण इथे एक मेख आहे. जे खोकं तुम्ही भरलंय त्यात काही फुटलं तर कंपनी सहसा हात वर करते: आत काय होतं, कसं ठेवलं होतं, आम्हाला काय माहीत? त्यामुळे जे फुटत नाही ते तुम्ही बांधा. कपडे, अंथरुणं, पुस्तकं, स्टीलची भांडी, डबे, खेळणी, पडदे. टीव्ही, काचेचं सामान, आरसे, फ्रिज, वॉशिंग मशीन, बेड सोडवणं हे त्यांच्यावर. कोटेशन मागताना असंच सांगा, आकडा कमी होतो. किती ते घराघरावर आहे, पण मागितल्याशिवाय कोणी कमी करत नाही.

पुस्तकं लहान खोक्यात. मोठ्या खोक्यात भरलीत की ते कोणी उचलत नाही, ओढतात, आणि मग तळ सुटतो. किराण्याच्या दुकानातली साबणाची किंवा बिस्किटांची खोकी यासाठी पुरतात. काचेच्या बश्या तुम्हीच बांधायच्या ठरवल्या तर एकावर एक रचू नका. प्रत्येकीला कागद गुंडाळून खोक्यात उभ्या लावा, कडेवर. आडवी रास धक्क्याने खालून फुटत जाते, उभ्या बश्या धक्का झेलतात. खाली आणि वर जुने टॉवेल दाबून बसवा आणि खोकं हलवून बघा, आवाज आला तर अजून भरायचंय. तेलाचा डबा आणि लोणच्याची बरणी गाडीत देऊच नका. झाकण कितीही घट्ट लावा, तेल वाट काढतंच आणि ते नेमकं साड्यांच्या खोक्यात जातं. दागिने, कागदपत्रं, लॅपटॉप, औषधं आणि देव तुमच्याबरोबर.

खोक्यांवर नंबर टाका आणि वहीत नंबरासमोर आत काय ते लिहा. नुसतं 'किचन' लिहून भागत नाही, किचनची पंधरा खोकी निघतात. ही वही सासऱ्यांकडे द्या. गाडीपाशी खुर्ची टाकून नंबर चढताना एक खूण, वाकडला उतरताना दुसरी. ज्याला स्वतः सगळं करायची हौस असते त्याचीच नजर इथे कामाला येते.

गाडी पूर्ण तुमचीच आहे ना, हे लेखी घ्या. पार्ट लोड स्वस्त पडतो, पण त्यात तुमचं सामान आधी गोडाऊनला उतरतं, मग दुसऱ्या कोणाच्या सामानाबरोबर दुसऱ्या गाडीत चढतं. जितक्या वेळा उतरेल-चढेल तितकी मोडतोड. दिल्ली-बंगळूरला ठीक आहे, ठाणे-पुण्याला अजिबात गरज नाही. पूर्ण गाडी त्याच दिवशी पोचते.

इन्शुरन्सच्या नावाखाली जाहीर किमतीच्या अमुक टक्के लावलेले असतील तर विमा कंपनीचं सर्टिफिकेट तुमच्या नावाने मागा. पुष्कळदा विमा नसतोच, पॅकर्सवाला ते पैसे स्वतःकडेच ठेवतो. बिल्टी, म्हणजे सामान ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, घ्याच. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे नुकसान झालं तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, आणि जास्त हवी असेल तर आधी जास्त किंमत जाहीर करून जादा दर भरावा लागतो. दावा करायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. पण हातात बिल्टीच नसेल तर यातलं काही सिद्ध करता येत नाही.

वाकडच्या सोसायटीला आत्ताच फोन करा. मोठ्या सोसायट्यांत सामान आणण्याची वेळ ठरलेली असते, काही ठिकाणी रविवारी मनाई, शिफ्टिंग चार्ज किंवा डिपॉझिट, आणि सामान सर्व्हिस लिफ्टमधूनच. गाडी संध्याकाळी पोचली आणि गेटवर अडवली तर रात्रभर उभी राहील आणि हॉल्टिंगचे पैसे तुम्ही भराल. ठाण्यातून गाडी पहाटे भरायला घ्या. मोठ्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते, ती ड्रायव्हरला विचारून ठेवा. शनिवार-रविवार आणि महिनाअखेर टाळलीत तर भावही जरा खाली येतो आणि माणसंही ताजी मिळतात.

गेटवर कोणी माथाडी संघटनेचं नाव सांगून 'वाराई (म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) द्या नाहीतर सामान उतरू देणार नाही' म्हणाला तर घाबरू नका. १९६९ चा माथाडी कायदा कष्टकऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे आणि चांगला आहे. त्याचं नाव पुढे करून काम न करताच पैसे मागणं ही खंडणी आहे. आवाज न चढवता ११२ लावा, फोन कानाला गेला की बहुतेक जण निघून जातात.

सिलिंडर असेल तर तो गाडीत टाकू नका. शहर बदलतंय म्हणून एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून ट्रान्स्फरचा कागद घ्या, पुण्यात तो दाखवून नवा मिळतो. पाइपचा गॅस असेल तर महानगर गॅसला कळवून मीटर बंद करून डिपॉझिट मागा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, आणि वाकडला पोचल्यावर काही तास तसाच उभा ठेवून मग चालू करा. फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर त्याचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे नेताना आतला ड्रम हलू न देणारे, शोधा, मशीन बसवल्यावर मेकॅनिकने काढून तुमच्या हातात दिले होते ते. बहुतेक ते त्या माळ्यावरच्या ट्रंकेत असतील. इन्व्हर्टरची बॅटरी कोणत्याही परिस्थितीत आडवी ठेवायची नाही.

पैसे तीन भागांत द्या. बुकिंगला थोडे, गाडी भरल्यावर बरेचसे, आणि निदान चौथा हिस्सा वाकडला बेड जोडून झाल्यावर. 'सामान उतरवायच्या आधी पूर्ण पैसे' असं कोटेशनवर छापलेलं असेल तर ती ओळ पेनाने खोडून सही घ्या. सही करायला तयार नसेल तर तिसरा कोणीतरी बघा, मे महिन्याला अजून वेळ आहे.