संबळाचा ठोका आणि राहिलेला एम-थ्री

गुरुजी, तुमचं पत्र मुलाच्या करिअरबद्दल आहे खरं, पण त्यात मुलगा थोडा आणि भाऊबंदच जास्त दिसले. पोरगा जळगावला ई अँड टीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. लग्नसराईत मित्राच्या डीजेबरोबर जातो. ‘मास्तरांचा पोरगा वरातीत बटणं फिरवतो’ असं चोपड्यात कोणीतरी बोललं आणि तुम्ही त्याचा कीबोर्ड माळ्यावर टाकलात. आता तो परदेशात म्युझिक टेक्नॉलॉजीत एमएस करायचं म्हणतोय, तर मी त्याला समजावून एमपीएससीकडे वळवावं, अशी तुमची इच्छा आहे.

ते माझ्याकडून होणार नाही. एमपीएससी मनापासून द्यायची त्याने द्यावी, लोकांची तोंडं बंद करायला देऊ नये. मला जास्त खटकलं ते पत्रातलं शेवटचं वाक्य. ‘कॉम्प्युटर सायन्सचं एमएस म्हणाला असता तर दोन एकर विकून पाठवला असता.’ म्हणजे अडचण पैशाची नाहीच. पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं, एवढीच आहे. तोच व्हिसा, तेवढाच खर्च, पण एका नावासाठी जमीन विकायची आणि दुसऱ्या नावासाठी कीबोर्ड माळ्यावर? मुलाला हे कळत नसेल असं समजू नका. तो घरात बोलत नाही अशी तुमची तक्रार आहे. बोलल्यावर काय होतं, ते त्याने बघितलंय. कीबोर्ड आज खाली काढा, बाकीचं मग बोलू.

‘डीजे व्हायला एमएस कशाला लागतं?’ असं तुम्ही विचारलंय. नाहीच लागत, आणि या अभ्यासक्रमांचं काम डीजे घडवण्याचं नाहीच. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेत मॅक्स मॅथ्यूज या इंजिनिअरने संगणकाकडून सूर वाजवून घेतले, तेव्हापासून हे शास्त्र वाढत आलंय. सीडीच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज एका सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत उतरवतात. त्या आकड्यांमधून सूर कसा ओळखायचा, गोंगाट कसा गाळायचा, कधीच न ऐकलेला आवाज कसा घडवायचा, हा तिथला अभ्यास. त्याला गणित लागतं, प्रोग्रॅमिंग लागतं आणि कानही लागतो. हेच ज्ञान पुढे कानाच्या मशीनमध्ये आणि मोबाइलच्या माइकमध्येही वापरतात. तुम्हीच वैतागून लिहिलंय की गोंधळाच्या रात्री त्याने मोबाइलवर संबळ रेकॉर्ड केला आणि आता रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तोच एक ठोका कापून, ताणून पुन्हा पुन्हा वाजवतो, घरच्यांचं डोकं उठतं. उठणारच! पण संबळाच्या दोन भांड्यांचे आवाज एकमेकांत मिसळलेले, वर तुणतुणं, वर गोंधळ्याचं गाणं, यातून एक ठोका स्वच्छ वेगळा काढणं हा या विषयातला खराखुरा प्रश्न आहे. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २०११ पासून काही वर्षं हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतावर संगणकाच्या मदतीने मोठं संशोधन केलं. आयआयटी मुंबईच्या इलेक्ट्रिकल विभागात प्रीती राव यांच्या गटाने हिंदुस्थानी संगीतावर असंच काम केलंय. तुमचा मुलगा माजघरात त्याचाच पहिला धडा गिरवतोय.

यापुढचं त्याला वाचायला द्या.

बाळा, तुझा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलाय. गुरुजींच्या पत्रातला तेवढा राग मला पूर्ण पटला. लाप्लास, फुरिए यांचं गणित त्यातच येतं, म्हणजे हा सगळा विषय ज्या गणितावर उभा आहे, नेमकं तेच तू सोडलंस. गाणी करायला मिळतील म्हणून परदेशी निघाला असशील तर जाऊच नको. गाणी चोपड्यात बसूनही होतात, अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर ऐकणारे कमी नाहीत. आधी एम-थ्री काढ. पायथॉन शिक, डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) हा विषय मन लावून कर आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट संबळावरच घे. रेकॉर्डिंगमधला कोणता ठोका कोणत्या भांड्यावरचा, हे संगणकाने आपोआप सांगितलं पाहिजे. त्यासाठी तीन-चार गोंधळ्यांकडे जा, त्यांना रीतसर विचारून, नीट माइक लावून रेकॉर्ड कर आणि एकेका ठोक्याची वेळ हाताने लिहून काढ. भयंकर कंटाळवाणं काम आहे. गाईड सर म्हणतील, त्यापेक्षा जमिनीवरच्या रेषेमागे चालणारा लाइन फॉलोअर रोबोट कर. तू ऐकू नको. असे रोबोट दरवर्षी ढिगाने होतात आणि नंतर कपाटात पडून राहतात.

एमटेकच्या प्रवेशासाठी असलेल्या गेट परीक्षेचा ईसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा, पेपर दे. त्यातून एमटेकला सिग्नल प्रोसेसिंगकडे जाता येतं, स्टायपेंडही मिळतो. स्टॅनफर्ड, जॉर्जिया टेक, लंडनचं क्वीन मेरी, बार्सिलोना ही नावं तू शोधलीच आहेस. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या असतात, त्या ज्याच्या-त्याच्या संकेतस्थळावर वाच, जळगावच्या एजंटाच्या तोंडून ऐकू नको.

गुरुजी, जमीन मात्र विकू नका. या एमएससाठी नको आणि कॉम्प्युटर सायन्ससाठीही नको. या शाखेत नोकऱ्या सॉफ्टवेअरइतक्या नाहीत, ज्या आहेत त्यांना पक्का इंजिनिअर लागतो. बीई झाल्यावर पुण्या-बंगळुरूला एक-दोन वर्षं ऑडिओ किंवा एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आतल्या छोट्या संगणकांच्या कामात) नोकरी करू दे. त्यानंतरही ओढ राहिली तर शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाचं बघता येईल.

आणि हो, लग्नसराईत तो जाणारच. डीजेच्या भिंतीसमोर तासन् तास उभा राहतो, म्हणून मेडिकलवरून इअरप्लग आणून द्या आणि ते घालतो की नाही, यावर मास्तरकी करा.