केकनंतरचे पाच तास

"वजन कमी करायचं म्हणून साखर बंद करते, मैदा बंद करते, पांढरा भात, ब्रेड सगळं बंद करते. आठ-दहा दिवस छान जातात. मग एक दिवस मोडतं आणि सगळं मुसळ केरात. माझ्यात मनोनिग्रहच नाही, मॅडम."

मी समुपदेशक आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यावर लिहायलाच हवं. गंमत म्हणजे फक्त यासाठी म्हणून क्वचितच कोणी येतं. झोप लागत नाही, घरात कुरबुरी आहेत, कामाचा ताण आहे म्हणून येतात. भेटीचा तास संपत आला की आवाज खाली आणून हे सांगतात, मोठा गुन्हा कबूल केल्यासारखं.

साखर आणि पांढरं पीठ कमी करण्याच्या निर्णयावर माझा काहीच आक्षेप नाही. निर्णय चांगलाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, सरबतं, फळांचे रस या सगळ्यांतून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या, म्हणजे कॅलरींच्या, १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आणता आली तर आणखी बरं. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, सहा चमचे. पांढऱ्या पिठातून आणि पॉलिश केलेल्या तांदळातून कोंडा गेलेला असतो. त्यामुळे ते लवकर पचतात आणि पोट फार वेळ भरलेलं राहत नाही. हे सगळं खरं आहे. माझं लक्ष असतं ते तक्रारीच्या शेवटच्या वाक्याकडे: 'माझ्यात मनोनिग्रहच नाही.' वजनाची गोष्ट बहुतेक वेळा तिथेच अडलेली असते.

माझी जडणघडण विवेकनिष्ठ मानसोपचाराची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या या विचाराचा गाभा साधा आहे: घडलेल्या गोष्टीपेक्षा, तिच्याबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो ते आपल्याला जास्त अस्वस्थ करतं आणि पुढचं वागणंही तेच ठरवतं. या विषयात तर याचा प्रत्यय मला पुन्हापुन्हा आला आहे. एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि इतर काही जणींचे अनुभवही तिच्यात मिसळले आहेत.

बाई चाळिशीच्या पुढच्या, एका कार्यालयात हिशेब सांभाळणाऱ्या, आकड्यांना पक्क्या. बिस्किटाच्या पुड्यावरचे उष्मांक त्यांना तोंडपाठ. वजन कमी करायचे प्रयत्न त्यांनी किती वेळा केले, याची यादी त्यांनी लिहूनच आणली होती. प्रत्येक प्रयत्नासमोर एकच शेरा: 'अपयश'.

"शेवटचा प्रयत्न कसा मोडला?" मी विचारलं.

"नेहमीसारखाच. ऑफिसात एकाच्या निरोप समारंभाला केक कापला. मी खाल्ला. मग घरी येऊन बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. वर ब्रेड आणि जॅम. मला साखरेचं व्यसन आहे, दुसरं काय! एकदा जिभेला लागली की थांबता येत नाही."

"केक किती वाजता खाल्ला?"

"चारच्या सुमारास."

"आणि पुडा?"

"नऊ वाजले असतील."

"चार ते नऊ काय झालं?"

"काही नाही."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. केक आणि पुडा त्यांच्या आठवणीत चिकटून बसले होते, एकामागोमाग एक घडल्यासारखे. मी म्हटलं, आपण त्या पाच तासांचा जमाखर्च मांडू. त्यांच्या पेशातला शब्द आला आणि त्या सावरून बसल्या.

केक खाताना कसं वाटलं होतं? "चांगला होता. सगळे हसत होते. मीही हसत होते." एकच तुकडा घेतला होता, दुसरा कोणी देऊ केला तर नको म्हटलं होतं. म्हणजे जिभेला साखर लागल्यावर त्यांना थांबता आलं होतं! मी हे बोलून दाखवलं नाही. त्यांचं त्यांना दिसू दिलं. "हो की," त्या म्हणाल्या, "तेव्हा थांबले होते मी."

मग?

"जागेवर येऊन बसले आणि मनात आलं, झालं, नऊ दिवस पाण्यात गेले. तुझ्याकडून कधी काही धड होणार नाही."

"हे एकदाच आलं मनात?"

"छे. घरी पोहोचेपर्यंत तेच चालू होतं."

"संध्याकाळी काय खाल्लं?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "काहीच नाही. केक खाल्ला होता ना, म्हणून जेवायचं नाही असं ठरवलं. शिक्षा म्हणून."

"दुपारी?"

"कोशिंबीर आणि दही. पोळी, भात बंदच होता."

म्हणजे नऊ वाजता स्वयंपाकघरात जी बाई उभी होती, ती दिवसभर जवळजवळ उपाशी होती आणि पाच तास स्वतःकडून बोलणी खात होती. "आणि पुडा उघडताना मनात काय होतं?" मी विचारलं. उत्तर यायला वेळ लागला, पण ते त्यांनी अगदी नेमकं दिलं: "आजचा दिवस गेलाच आहे. उद्यापासून पुन्हा कडक करायचंय, मग आज खाऊन घे."

अशा क्षणी समुपदेशकाने बोलू नये, हे मी या कामात शिकले आहे. त्या कागदावरच्या वेळांकडे बघत राहिल्या. चार, नऊ, आणि मधली मोकळी जागा. मग म्हणाल्या, "मॅडम, केकने काही केलंच नाही. जे केलं ते मधल्या वेळात मी केलं."

त्या वाक्यावर आम्ही बराच वेळ रेंगाळलो, कारण त्यालाही दोन तोंडं होती. 'मी केलं' यातून पुन्हा नवा आरोप तयार होऊ शकतो. पण मला त्यातली मोकळीक हवी होती. व्यसन आहे, जीभ ताब्यात नाही, असं मानलं की माणसाच्या हातात काही उरत नाही. मधल्या पाच तासांत मात्र करण्यासारखं पुष्कळ असतं.

हे त्यांच्या एकटीचं नाही, हेही मी त्यांना सांगितलं. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काहींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव घेण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम समोर ठेवलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलं होतं म्हणून. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. त्यांचा नियम मिल्कशेकनेच मोडला होता, आता राखायचं काय उरलं? ज्याला आपण मनोनिग्रहाचा अभाव म्हणतो, तो अनेकदा कडक नियमाचाच दुसरा अर्धा भाग असतो.

एक शंका मात्र त्यांच्या मनातून जाईना. "पण दुसऱ्या दिवशी काट्यावर दीड किलो वाढलेलं होतं. नऊ दिवसांत जेवढं उतरलं, तेवढं एका रात्रीत परत!"

हिशेब त्यांनाच मांडायला सांगितला. एक किलो चरबीमध्ये साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. त्यांनी दीडने गुणलं: ११,५५०. मग त्या रात्रीच्या पुड्याची, ब्रेडची, जॅमची आणि दुपारच्या केकची बेरीज केली. "ओढूनताणून अडीच हजारांच्या पुढे जात नाही. मग दीड किलो आलं कुठून?"

पाण्यातून. शरीर थोडी ऊर्जा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साखर आणि पिष्ट (भात, पोळी, ब्रेडमधला स्टार्च) एकदम कमी केलं की हा साठा खर्च होतो, पाणी निघून जातं आणि पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो. पुन्हा खाल्लं की साठा भरतो, पाणी परत येतं. पहिल्या आठवड्यातला आनंद जसा बराचसा पाण्याचा, तसं त्या सकाळचं दुःखही पाण्याचंच होतं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक चांगला चाललेला प्रयत्न त्याच सकाळी सोडून देतात, याची मला फार हळहळ वाटते.

मग आम्ही नियमांकडे वळलो. साखरेच्या बाबतीत मी एक फरक करते, आणि तो माझ्याकडे येणाऱ्यांना फार उपयोगी पडला आहे: सवयीची साखर आणि प्रसंगाची साखर. दिवसभराच्या चहातली, कामाच्या नादात तोंडात गेलेल्या बिस्किटातली, शीतपेयातली, बाटलीबंद रसातली साखर सवयीची. ती खाल्ल्याची आठवणही राहत नाही. या बाईंचा एरवीचा हिशेब मांडला तर पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे रोज ४० ग्रॅम साखर नुसती चहातून. एका ३३० मिलीलिटरच्या कोला डब्यात जवळपास ३५ ग्रॅम असते. ही साखर कमी केली तर मनाला फारसं काही गमावल्यासारखं वाटत नाही आणि जीभ काही आठवड्यांत कमी गोडाला सरावते. निरोप समारंभाचा केक ही प्रसंगाची साखर. तिच्यात माणसं असतात, आनंद असतो. ती महिन्यातून दोन-चारदा येते आणि तिच्याने वजनाचं फार बिघडत नाही. आपण करतो उलटं. सगळा लढा केकशी आणि चहाकडे लक्षच नाही, किंवा दोन्ही एकाच दिवशी बंद.

पिष्टाचंही तसंच. पांढरा भात आणि ब्रेड काढला तर त्या जागी काय ठेवलं, हा पहिला प्रश्न. कोशिंबीर आणि दही खाऊन दुपारी चारला भूक लागणं यात कमकुवतपणा कसला? डाळी, कडधान्यं, अंडी, कोंड्यासकट धान्य, भाज्या यांनी आधी ताट भरायचं, मग पांढरं किती हवं ते ठरवायचं. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६०९ जण होते, अर्ध्यांना कमी चरबीचा आहार, अर्ध्यांना कमी कर्बोदकांचा, म्हणजे कमी साखर-पिष्टाचा. साखर आणि मैदा कमी करा, भाज्या वाढवा, हे दोघांनाही सांगितलं होतं. वर्षभरात एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६. तो फरक निर्णायक नव्हता. दोन्ही गटांत काहींचं पुष्कळ उतरलं, तर काहींचं चक्क वाढलं. पद्धतीच्या नावावरून भांडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

त्यांना सगळ्यात जड गेला तो माझा एकच गृहपाठ. काहीही खाल्लं गेलं तरी पुढचं जेवण वेळेवर आणि नेहमीएवढंच घ्यायचं.

"केक खाल्ल्यावर परत जेवायचं? ही तर सूट झाली."

"सूट कशी? जेवण तुमचं रोजचंच आहे. मी फक्त शिक्षा काढून घेतेय."

"पण स्वतःला रागावले नाही तर मी पार सुटेन."

ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. इथे घाई करून चालत नाही. मी त्यांनी आणलेली यादी पुढे ठेवली. "यातल्या प्रत्येक वेळी तुम्ही स्वतःला रागावलात. रागावण्याने कुठला प्रयत्न टिकला, ते दाखवा." त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. एकही सापडला नाही. 'मला केक खायचा नव्हता, खाल्ला, वाईट वाटलं' इथे थांबता येतं. 'म्हणून मी कुचकामी' हा पुढचा भाग आपण जोडलेला असतो आणि त्याला पुरावा नसतो. कुचकामी माणसाने प्रयत्न तरी का करावा? स्वतःला तसं ठरवलं की पुडा उघडायला मोकळीक मिळते. म्हणून स्वतःला स्वीकारणं म्हणजे लाड करणं, असं मी मानत नाही. ती शिस्तीची पूर्वअट आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुढचे काही महिने एका रेषेत गेले नाहीत. दोनदा पुन्हा रात्रीचं खाणं झालं, एकदा त्यांनी गृहपाठ टाळला आणि मला सांगितलंही नाही, नंतर सांगितलं. चहातली साखर आधी अर्धी झाली, मग एका चहापुरती उरली. दुपारच्या डब्यात धान्य परत आलं. रोज वजन करणं थांबलं, आठवड्याला एकदा ठरलं.

मग एके दिवशी त्या इतर विषयांवरच बोलत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "परवा एका समारंभात दोनदा गोड घेतलं. घरी येऊन वेळेवर जेवले, झोपले. सकाळी काही विशेष वाटलं नाही." आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. मी त्यांना थांबवून तेच पुन्हा सांगायला लावलं. वजन उतरत होतंच, त्यांना हवं होतं त्याहून सावकाश. पण 'काही विशेष वाटलं नाही' हे ऐकून मला जो आनंद झाला, तो काट्यावरच्या कुठल्याही आकड्याने झाला नसता.

हे वाचून कोणी उद्यापासून सुरुवात करणार असेल तर काही सूचना. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पिष्ट एकदम कमी केल्याने रक्तातली साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. आधी डॉक्टरांशी बोला आणि औषधाची मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही त्यांच्या सल्ल्याशिवाय असे बदल करू नयेत. आणि ताबा सुटल्यासारखं खाणं आठवड्यातून एकदा किंवा त्याहून जास्त वेळा, महिनोन्‌महिने होत असेल, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढली जात असेल किंवा कुणालाही कळू नये म्हणून लपून खाल्लं जात असेल, तर आहार बदलण्याच्या आधी मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्या. त्यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. वजनाचा विचार तोवर थांबू शकतो.